धारेला तोंड

हेमंताची पहाट. कालव्यावर शुभ्र, ओलसर, मंदगामी धुकं. धुक्याखाली वाहतं पाणी. आणि काठावर, कापलेल्या धानाच्या खुंटांवरून उतरणारा कोवळा केशरी उजेड. कालव्याचं पाणी गात होतं. त्याला लागून असलेल्या दसरू ढिवराच्या मासळीच्या तळ्यातलं पाणी मात्र मुकं होतं.

मुकं, कारण तळ्याच्या तोंडाशी लाकडी फळी होती. कालव्याची धार त्या फळीशीच अडे. दसरूनं फळी उचलावी, आणि त्याची पाठ वळताच त्याच्या बायकोनं, फुलवंतानं, ती पुन्हा खाली दाबावी. दोन वर्षांपूर्वी याच धारेनं तिचा मोरेश्वर नेला होता. हसरा, उतावळा, एकुलता एक. तेव्हापासून वाहत्या पाण्याशी तिचं हाडवैर होतं.

श्रावणात तळ्यात सोडलेली रोहू माशाची बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, तिनं लेकरांसारखी जपली. मुठीनं कोंडा, मुठीनं सरकीची ढेप. धार नको, धक्का नको, भय नको. मायेनं आंधळी झालेली माणसं अशीच जपतात, आणि जपता जपता जीव घेतात. शेजारच्या तळ्यांतले मासे हातभर झाले. हिचे वीतभरही भरेनात.

त्या पहाटे सारं तळं वर आलं होतं. शेकडो तोंडं, इवली, गोल, उघडी, श्वासासाठी आभाळ चाटणारी. काठाशी काही रुपेरी पोटं उलटी तरंगत होती. फुलवंतानं त्यातला एक मासा तळहातावर घेतला. तो गार पडला होता.

"थांबल्या पाण्यात मासोळी गुदमरते, फुलवंता," दसरू हळूच म्हणाला. "धारेशी झुंजली तं अंग धरते."

"त्याच धारेनं माहा पोरगा नेला जी."

दसरूही बापच होता. कालव्याकडे पाठ करून तो नुसता बसून राहिला.

मग हातातला मासा काठावर ठेवून फुलवंता उठली. तिनं पदर खोचला, गुडघाभर पाण्यात उतरली, आणि दोन्ही हातांनी फळी ओढली. ओली, फुगलेली, हट्टी फळी. हलेना, हलेना, मग हलली. फेसाळ, हिमशीतल, उन्मत्त धार आत घुसली. मासे पाचोळ्यासारखे मागे फेकले गेले.

"जातीन सारे! फळी लाव, थोडी तरी लाव!" दसरूचा हात फळीकडे गेला. इतके दिवस धीर देणारा तो, आज धारेला भ्याला.

फुलवंतानं त्याचा हात धरला.

कारण धारेत एक मासा वळला होता. मग दुसरा. मग दहा, मग सारे. डोकी धारेकडे, शेपट्या थरथरत. रेटा खात, रेटा देत, जागच्या जागी पोहत, तसूभरही न हटत. ती बघत राहिली. दोन वर्षं कोरडे असलेले तिचे डोळे भरले, वाहू लागले. तिनं ते पुसले नाहीत.

"राहू द्या जी," ती म्हणाली. "हे तरी वाढू द्या."

आणि पाणी आलं. आलं, आणि येत राहिलं.