अक्काताईंनी मला चौदा वेळा दाबलं

माझ्या उजव्या कडेला सायीचा एक ठसा आहे. अंगठ्याएवढा, खाली थोडा ओढलेला. घाईत दाबलं की बोट असं घसरतं. तो अक्काताईंचा आहे.

मित्रांनो, मी दूध संस्थेतल्या एका जुन्या यंत्राच्या पडद्यावरचं 'मदत' हे बटण आहे. जनावर आजारी पडलं की या यंत्रावर नोंद करायची, मग डॉक्टर येतात. नोंद करताना कुणी अडलं तर वाट दाखवायची, एवढंच माझं काम. माझी वाक्यं, हे यंत्र तयार करणाऱ्या भाग्यश्री मॅडमनी कोल्हापुरात, स्वतःच्या टेबलाशी बसून लिहिली.

पाच वर्षं माझं कौतुक झालं. खरं तर मला कुणी दाबतच नव्हतं. सचिव कृष्णात सगळ्यांच्या नोंदी स्वतःच करायचे. मॅडमनी अहवालात लिहिलं, 'कुणाचंही अडत नाही.' मला ते खरं वाटलं.

एकदा कृष्णात लग्नाला चंदगडला गेले. त्याच सकाळी अक्काताई धावत आल्या. त्यांची म्हैस व्यायला अडली होती. यंत्रानं क्रमांक मागितला. संस्थेत माणूस सभासद क्रमांकानंच ओळखला जातो. त्यांनी आपला सत्तेचाळीस टाकला. यंत्राला हवा होता म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर. त्यांनी मला दाबलं. मी दाखवलं, 'वैध पशु-ओळखांक प्रविष्ट करा.'

"टाकला की गं बाई, सत्तेचाळीस!"

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच वाक्य. असं चौदा वेळा. 'कानातला बिल्ला' हे दोन साधे शब्द माझ्याकडे नव्हते.

शेवटी त्या डॉक्टरांना शोधत पायी गेल्या. म्हैस वाचली. रेडकू वाचलं नाही.

पुढे दुधाच्या रांगेत लोक म्हणायचे, "अक्काताई, बटन दाबायला शिका की जरा!"

"व्हय बाबा," त्या म्हणायच्या, "माझ्या अडाणीपणानंच गेलं रेडकू."

यंत्राच्या नोंदीत ते चौदा वेळा दाबणं उमटलं होतं. मॅडमनी ते वाचलं. त्यानंतर त्या तीनदा तपासणीला आल्या आणि तीनदा काही न बोलता परतल्या. खरं काय ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, आणि मला बोलता येत नाही.

मित्रांनो, कुणी अडलं तर त्याला हसू नका. त्याला काय सांगितलं गेलं, ते आधी वाचा.

काल संस्थेच्या सभेत पुन्हा तोच विनोद झाला. अक्काताईंनी मान खाली घातली. तपासणीला आलेल्या मॅडम दारातून पुढे आल्या. त्यांचा आवाज बारीक होता.

"अक्काताई, तुमचं काही चुकलं नव्हतं. ती वाक्यं मी लिहिली होती, तुमच्यापैकी एकालाही न विचारता. हे यंत्र मी आज बंद करतेय. नवी वाक्यं तुमच्या गोठ्यात बसून, तुम्हाला विचारून लिहीन."