दीर्घद्वेषी भिंत

मित्रांनो, मी एक जुनी, चार इंच जाडीची आणि अत्यंत दीर्घद्वेषी भिंत आहे. एका छोट्या फ्लॅटमध्ये हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधे मी आयुष्यभर उभी राहिले. आत्मवृत्त सांगणारे बूट, छत्र्या आणि घड्याळे शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळी होतात, असे मी ऐकले आहे. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मला एका बाईवर सूड उगवायचा आहे. तो का, हे तुम्हाला नीट समजावे म्हणून सुरुवातीपासून सांगते.

हे घर बांधले गेले तेव्हा मी त्यात नव्हते. तेव्हा नुसती एक लांबलचक खोली होती. एका टोकाला खिडकी आणि बाहेरचे दार, दुसऱ्या टोकाला ओटा. बाजूला झोपायची एक लहानशी खोली. नवे लग्न झालेले मालक आणि त्यांची बायको इथे राहायला आले आणि मालकांनी लगेच गवंडी बोलावला. "आल्यागेल्यासमोर ओटा उघडा नको," ते म्हणाले.

बायको, म्हणजे जिला मी बाई म्हणते ती, हळूच म्हणाली, "मधे निदान एक खिडकी ठेवू या ना. मला बाहेरचं दिसेल."

"दिसायला काय आहे बाहेर? ऐकू येईलच की," मालक म्हणाले. झाले. गवंड्याने कडेला जाण्यायेण्यापुरती जागा सोडली आणि मला छतापर्यंत चढवले.

मालकांचा माझ्यावर फार जीव. पाहुणे आले की ते बोटांच्या पेरांनी माझ्यावर टकटक करायचे आणि म्हणायचे, "बघा, कशी ठणठणीत आहे!" हॉलकडच्या माझ्या बाजूला दिवाणखान्याला शोभेल असा रंग लागायचा, तोही वेळच्या वेळी. मोठे घड्याळ माझ्यावर, मालकांना कचेरीत मिळालेले मानपत्र माझ्यावर. मला वाटायचे, ही सगळी इमारतच मी तोलून धरली आहे.

स्वयंपाकघराकडच्या बाजूची कथा मात्र निराळी. तिकडे तेलाचे शिंतोडे, वाफ आणि काजळी. तिकडे बाई माझ्या अंगात खिळे ठोकायची आणि त्यांना झारे, चाळण्या अडकवायची. ओले हात माझ्यावरच पुसायची. तेवढे मी सोसले असते. पण एके दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका घरी आल्या. मुलींना शिवणकाम शिकवायला त्यांना कोणीतरी हवे होते आणि बाईचा हात शिवणात चांगला होता. बाई आत चहा करत होती. चहा उकळेपर्यंत हॉलमध्ये मालकांनी उत्तर देऊनही टाकले, "तिला नाही जमायचं हो. घरचंच पुष्कळ असतं."

बाई कप घेऊन बाहेर आली तर मुख्याध्यापिका चपला घालत होत्या. त्या गेल्यावर मालक म्हणाले, "ऐकलंस ना आत? मग झालं."

मुलाची शाळा कोणती, गावाकडच्या जमिनीचे काय, सुट्टीत कुठे जायचे, सगळे असेच ठरे. ठरे हॉलमध्ये आणि बाईला ते माझ्यातून ऐकू येई. पण त्या दिवशी तिने आत येऊन बत्ता उचलला आणि मला असा हाणला की ताटलीएवढा गिलावा खाली आला. आता सांगा, यात माझा काय दोष? नाही म्हणाले मालक आणि मार खाल्ला मी! त्या दिवसापासून आमचे हाडवैर सुरू झाले.

मीही काही कमी नव्हते. ती पीठ मळायला बसली की मी वरून चिमूटभर चुना सोडायची. तिचा जरा डोळा लागला की एखादा खिळा सैल करून सगळे झारे खणखणत खाली पाडायची. पावसाळ्यात मुद्दाम तिच्याच बाजूने ओल धरायची, म्हणजे तिच्या काड्यापेटीतली एकही काडी पेटू नये. ती भेगांत सिमेंट भरायची, मी ते दोन महिन्यांत थुंकून टाकायची. लोक संसार करतात, तशा आम्ही दोघी भांडत होतो.

मग मालक गेले. मुलगा केव्हाच मोठा होऊन दुसरीकडे ऐसपैस घरात राहायला गेला होता. तो येऊन म्हणाला, "आई, एकटी कशाला राहतेस? हे विकू. तू माझ्याकडे चल." बाई "बघू" म्हणाली. मुलाने ते "हो" समजून दलालाला बोलावले.

दलाल मोठा गोडबोल्या माणूस. त्याने हॉलमध्ये उभे राहून मान तिरकी केली आणि माझ्याकडे पाहिले. "भिंत पाडली तर जागा मोठी वाटेल. हल्ली लोकांना तसंच आवडतं," तो म्हणाला. माझ्या विटा गार पडल्या. पण लगेच त्याने सूर बदलला. "पण माझ्या हातात एक जोडपं आहे. त्यांना स्वयंपाकघर वेगळंच हवंय. भिंतीला हात लावू नका, उद्या संध्याकाळी घेऊन येतो त्यांना."

"मग नाहीच पाडायची. ठरलं," मुलगा म्हणाला.

"काकूंना एकदा विचारायला हवं ना?"

मुलाने माझ्याकडे बोट केले. "आईला आत ऐकू येतंय की सगळं."

मित्रांनो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. थेट बापाचा मुलगा! पण आत कपबश्यांचा आवाज थांबला होता. गॅस बंद झाला आणि बाई रिकाम्या हाताने बाहेर आली.

"भिंत पाडायची," ती म्हणाली.

"अगं, आलेलं गिऱ्हाईक जाईल!"

"जाऊ दे."

"ज्याला नको असेल तो पाडेल ना घर घेतल्यावर."

"त्याने पाडलेली मला कुठे दिसणार?"

"आई, बाबांनी किती हौसेने बांधली होती ती."

"हो ना. म्हणूनच. सही माझी लागणार आहे ना? मग आधी भिंत."

मुलाने आदळआपट करून पाहिली, गोड बोलून पाहिले. बाई ढिम्म हलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गवंडी आला. त्याने मला इथे-तिथे ठोकले, वर छताकडे पाहिले आणि जे बोलला ते मी मेले तरी विसरणार नाही. "हिच्यावर कसलाच भार नाही. नुसता आडोसा आहे. खुशाल पाडा." आयुष्यभर इमारत तोलल्याचा माझा अभिमान त्याने एका वाक्यात धुळीला मिळवला. तेव्हाच मी ठरवले, पडायचेच तर या सगळ्यांना रडवून पडायचे.

"थांबा, पहिला घाव मी घालते," बाई म्हणाली. तिने दोन्ही हातांनी घण उचलला. मी तिला असा झटका दिला की तो खांद्यापर्यंत गेला असेल. ती कळवळली, पण दातओठ खाऊन तिने पुन्हा घाव घातला. मग गवंड्याने घण घेतला. मीही माझ्या अंगातली होती नव्हती तेवढी धूळ हॉलमध्ये सोडली. मुलाचा पांढरा शर्ट गेला, सोफा गेला. दलाल नेमका तेव्हाच त्या जोडप्याला घेऊन दारात आला होता. ते दोघे खोकत खोकत जिन्यावरूनच परत फिरले. मुलाने कपाळाला हात लावला. मला वाटले, फिटले पांग. बाईचे घर आता पडून राहणार!

पण बाईच्या तोंडावर पश्चात्तापाचा मागमूस नव्हता. पुढच्या दिवशी घर झाडून झाल्यावर तिने ओट्यावर दूध तापत ठेवले आणि मान वर केली. तिथून आता थेट हॉलची खिडकी दिसत होती. खिडकीतून रस्ता, फळवाल्याची गाडी, शाळेतून सुटलेली मुले दिसत होती. ती इतका वेळ बघत राहिली की दूध उतू गेले.

मला पोत्यांत भरून खाली फाटकाजवळ ठेवले. आठवड्याभराने दलाल दुसरे गिऱ्हाईक बघून आला आणि मुलाबरोबर वर गेला. थोड्याच वेळात दोघे खाली उतरले आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "वर आईसमोर नको. इथेच ठरवून टाकू," मुलगा हळू आवाजात म्हणाला.

काय सांगू मित्रांनो, मला अगदी धन्य वाटले! बाई, घे! मला पाडून काय मिळवलेस? यांना माझी गरजच नाही, हे जिन्याखाली जाऊन ठरवतील. एक वीटही न हलवता माझा सूड पुरा झाला होता. त्याच आनंदात मी तुमच्यासाठी चार उपदेशाचे शब्द जुळवायला घेतले. मित्रांनो, जुन्या भिंतींना मान द्या. त्यांना खिळे ठोकू नका. ओले हात पुसू नका. घरात कोणी कोणावर रागावले तरी बत्त्याने भिंतीला...

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. बाई खाली आली. दोघे बोलायचे थांबले. तिने बसायला कुठे जागा आहे का ते पाहिले आणि सरळ माझ्या पोत्यावर बसली. मी एका फुटक्या विटेचा कोपरा वर काढून ठेवलाच होता. तो तिला चांगलाच टोचला. "आई गं," म्हणत ती जरा सरकली, पदर सावरला आणि पुन्हा ऐसपैस बसली.

"हं," ती दोघांना म्हणाली. "घर विकायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. तिथून सुरुवात करा."