आकडा आणि रेघ

चुडामणशेठच्या कारखान्यात अकरा वर्षं ड्रॉइंग काढणारा मी एकटाच होतो, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. पावरलूमचा कुठलाही सुटा भाग घ्या, त्याची फाईल माझ्या कॉम्प्युटरवर. माझं सॉफ्टवेअर महागाचं, त्याच्या फायली दुसरीकडे उघडतच नसत. साधं एक माप हवं असलं तरी शेठला माझ्या टेबलाशी यावं लागे. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग पत्रा कापणारं नवं मशीन आलं. त्याला कागद नको, थेट फाईलच लागते. ते चालवायला डोईफोडिया गावची वंदना आली, नुकती डिप्लोमा झालेली. तिनं मशीनच्या कॉम्प्युटरवर एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "याच्यात सबकी फाइल खुलती है. मधुकरभाऊंची बी खुलेल."

"खुलली तं बरंच झालं," शेठ म्हणाले. "मंग कोनाची वाट देखाले नको."

तो 'कोनाची' म्हणजे मीच. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

मी मुद्दाम सगळ्यांत किचकट फाईल तिच्या हवाली केली. लूमच्या बाजूला बसणारी लोखंडी पट्टी, छप्पन्न भोकांची. ती अर्ध्या मिनिटात उघडली. रंगसुद्धा जसेच्या तसे. अकरा वर्षं माझ्या मागे 'साहेब, साहेब' करणारा निंबा मिस्त्री तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि कौतुकानं बघू लागला. मला त्याचाही राग आला.

पण एक गोष्ट मलाच ठाऊक होती. माप बदललं की मी रेघ नव्यानं काढत नसे, वरचा आकडा तेवढा बदलत असे. रेघ बेचाळीसची, वर लिहिलेलं पंचेचाळीस. निंबा कागदावरचा आकडा वाचून भोक पाडायचा, त्यामुळे कधी काही अडलं नाही. मशीन मात्र आकडा वाचत नाही, रेघेवरून चालतं. म्हणजे पट्टी चुकणार आणि नाव वंदनाचं खराब होणार. एक शब्द बोलणं पुरेसं होतं. मी बोललो नाही. त्या दुपारी डबासुद्धा मला गोड लागला.

दुसऱ्या दिवशी पट्टी कापून झाली. तिची फजिती बघायला मी सगळ्यांच्या आधी लूमजवळ हजर. निंबानं पट्टी चढवली. छप्पन्नच्या छप्पन्न बोल्ट बसले.

शेठ शाबासकी द्यायला वळले, तर पोरगी मान खाली घालून उभी.

"शेठ, फाईल बराबर खुलली नव्हती. सत्तावीस जागी नंबर अलग, लाईन अलग. मी एकेक लाईन मोजून ठीक केली, मंग कापली."

"म्हनजे तुझं सॉफ्टवेअर फाईल बिघडवते?"

"तसंच असेल. भाऊंच्या हातून तं अशी गलती होनारच नाही ना."

शेठनं डोकं खाजवलं. "मंग काढून टाक ते. महाग तं महाग, भाऊवालंच अजून एक घेऊ. आन् बेटा, फाईलचं अन् मशीनचं काम मंग भाऊच पाहतील. तू दुसरीकडं काम देख."

वंदना "हो" म्हणून मशीनच्या कॉम्प्युटरशी जाऊन बसली आणि सॉफ्टवेअर काढायला तिनं माउसवर हात ठेवला.

मला हवं ते सगळं मिळालं होतं. संध्याकाळी मागे थांबून बाकीच्या रेघा गुपचूप सुधारल्या असत्या तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण 'भाऊंच्या हातून होनारच नाही' हे तिनं अगदी खात्रीनं म्हटलं होतं. माझ्याबद्दल मलाही कधी एवढी खात्री वाटली नव्हती.

"शेठ, थांबा," मी म्हणालो. "तिचं सॉफ्टवेअर चांगलं आहे. रेघा माझ्याच खोट्या आहेत. मी नुसते आकडे बदलत आलो."

निंबानं माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. शेठनं विचारलं, "अशा किती फायली?"

"सगळ्याच बघाव्या लागतील."

"उद्यापासून दोघं बसा," शेठ म्हणाले. "वंदना मोजेल, ती सांगेल तसं तुम्ही सुधारा. तिनं पास केल्याबिगर एक बी फाईल मशीनवर जानार नाही."

वंदना घाबरून माझ्याकडे बघत होती. माझा जीव नुसता जळत होता. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली आणि विचारलं, "कुठली आधी घ्यायची?"