मधला ऊस

उत्कर्षाने पान्ह्याने नट सैल केला, गच्चीवरची डिश नखभर डावीकडे वळवली आणि मोबाइलमध्ये पाहिलं. सिग्नलची एकच काडी. फोनवर शेतापलीकडच्या घरातून चुलत सासू कौसल्याकाकू विचारत होत्या,

"आलं का गं?"

"न्हाय काकू. तुमची गच्चीच दिसंना."

दिसणार कशी? मध्ये सासऱ्यांचा, तात्यांचा, ऊस उभा होता आणि त्याचे तुरे थेट डिशच्या तोंडासमोर डुलत होते. उन्हाळ्यात तात्यांनी खांब धरला आणि तिने दोन्ही गच्च्यांवर समोरासमोर डिश बसवल्या, तेव्हा ऊस कमरेएवढा होता. घरची केबल तुटली तर काकूंकडचं दुसऱ्या कंपनीचं नेट हवेतून इकडे यावं, अशी सोय. जन्म उसात गेलेल्या दोघांनाही ऊस वाढतो हे सुचलं नाही, याला काय म्हणावं.

आणि केबल तुटायचीच. कारखान्याचं गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावरची तार ओढून नेतात. दोनदा उत्कर्षा भर मीटिंगमधून गायब झाली होती. पुण्याच्या साहेबांनी गोड आवाजात सांगितलं होतं, शुक्रवारी परदेशातल्या गिऱ्हाइकाला काम दाखवायचंय, आता खंड पडला तर घरून काम बंद, पुण्याला या. नवरा लोणी देवकरला कामाला, घर माळेगावात. तिला नोकरी सोडायची नव्हती आणि घरही.

"नेट गेलं म्हणून कुणाचं पीक वाळलंय का?" तात्या चिडवायचे. पण गुरुवारी तोडीची टोळी आली आणि ओढ्याकडून सुरुवात करायला निघाली, तेव्हा मुकादमाला त्यांनीच घराकडं वळवलं.

"हितनं लावा कोयता," एवढंच म्हणाले.

शुक्रवारी दुपारपर्यंत मधला पट्टा मोकळा झाला. काकूंची गच्ची दिसली, वाळत घातलेल्या साड्यांसकट. उत्कर्षाने डिश सरळ केली. सगळ्या काड्या भरल्या. ती एकटीच हसली.

मीटिंग रंगात आली असताना बाहेर ट्रॅक्टर गुरगुरला. त्याच पट्ट्यातला ऊस, ट्रॉलीत नको तितका रचलेला. काहीतरी ताणलं, तुटलं. राउटरचा हिरवा दिवा लाल झाला. पडद्यावरचे चेहरे क्षणभर थिजले आणि पुन्हा हलले. ती बोलत राहिली.

तात्या दारात आले, हातात तुटलेली वायर, तोंड उतरलेलं. तिने न वळता हात वर केला. ते उंबऱ्यावरच बसले. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, पण शेवटी पडद्यावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, त्या कळल्या.

"ट्रॉली आपलीच व्हती," ते म्हणाले. "मीच म्हणलो, अजून एक थर टाका."

"टाका की तात्या. आता किती बी तोडा." ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. इतका आनंद तिला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

संध्याकाळी तात्या गच्चीवर चढले. डिशमागे उभं राहून, एक डोळा मिटून काकूंच्या गच्चीकडे बघत राहिले. मग खाली येऊन त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला.

"मधल्या पट्ट्यात खोडवा ठेवायचा न्हाय. बुडखं काढून टाक."

उत्कर्षा चहा घेऊन जागीच थांबली. तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस म्हणजे बिनलागणीचं पीक. ते तात्यांनी आजवर कधी सोडलं नव्हतं.

"तात्या, एवढा चांगला ऊस हाय."

"हरभरा करू," कप हातात घेत ते म्हणाले. "गुडघ्याच्या वर जात न्हाय."