बायजाबाईचे धवले पोटात घेऊन

मी हार्ड डिस्क. बोलतेय म्हणायचं आपलं, कारण माझा आवाज कधीच बसलाय. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात एका म्हातारीच्या उशीखाली मी पडून असते. अंगाला खोबरेल तेलाचा आणि बामाचा वास लागलाय. काय ही दशा! पण ऐकाच आता.

जन्म कुठल्या देशात झाला, ठाऊक नाही. मला आठवतं ते रोह्यातलं फैजलचं दुकान. त्यानं मला कॉम्प्युटरच्या खोक्यात बसवलं, स्क्रू आवळले आणि शिवाला बजावलं, "काका, हिला धक्का नको, पाणी नको. आणि हिच्यात जे ठेवाल ते आणखी एका ठिकाणी ठेवा."

"व्हय, व्हय," शिवा म्हणाला. माणसं दोनदा व्हय म्हणतात तेव्हा समजावं, यांच्या डोक्यात काही शिरलेलं नाही.

शिवा गणपतीच्या मूर्ती करतो. गिऱ्हाइकांना पाठवायचे मूर्तींचे फोटो सांभाळणं हे माझं काम. त्या घरात आमची सगळी जात नांदत होती. सीड्या परसातल्या मिरचीच्या रोपांवर दोरीला टांगलेल्या, पाखरं यायला नकोत म्हणून. मेमरी कार्ड नखाएवढं, पण तोरा केवढा! पेन ड्राइव्ह म्हणजे भटक्या, आज या खिशात तर उद्या त्या. आणि क्लाउड नावाचे आमचे बडे नातेवाईक, ते राहतात कुठे हेच या घरात कुणाला माहीत नव्हतं. घरात बसून सगळं पोटात ठेवणारी मी एकटी. मला त्याची घमेंड होती, खोटं कशाला बोलू?

शिवाची आई बायजाबाई धवलारीण, म्हणजे लग्नातली गाणी, धवले, म्हणणारी. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत तिचे धवले हवेतच. पार रोह्यापर्यंतची माणसं तिला न्यायला यायची. एकही गाणं कागदावर नाही, सगळं गळ्यात. नात मनालीनं एका हिवाळ्यात आजीला ओट्यावर बसवलं आणि मोबाइलवर तिचे सगळे धवले भरून घेतले. ते माझ्या पोटात आले. मूर्तींचे एवढे फोटो मी सांभाळले, पण पोटात ऊब वाटली ती त्या दिवशी.

त्यानंतरही म्हातारी नातीच्या मागे असायची. "बस गो जरा माज्याजवल. माज्या गल्यातला तुज्या गल्यान जाव दे."

मनाली हसून माझ्या खोक्यावर थाप मारायची. "आजी, सगला याच्यान हाय. कुठं जात नाय आता."

म्हातारी माझ्याकडे बघायची. तिला पटलं असावं, कारण पुढे तिनं तो हट्ट सोडला. मला तर वाटलं, बघा, शेवटी भरवसा कुणावर!

उन्हाळ्यात बायजाबाईला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. त्याच सुमारास मनालीचं लग्न रोह्याला ठरलं. घरात एकच बोलणं, हळदीला आजीचे धवले स्पीकरवर लावायचे. तेव्हा कुठे यांना दुसऱ्या प्रतीची आठवण झाली. मोबाइलमधलं मेमरी कार्ड मूर्तींच्या फोटोंसाठी पुसून टाकलेलं. पेन ड्राइव्हवर चुलत भावाच्या हळदीला डीजेची गाणी भरलेली, धवल्यांच्या डोक्यावर! राहिले फक्त मी.

"गणपती जाव दे, मग रोह्याला जाऊन दुसरी प्रत करतो," शिवा म्हणाला.

पण त्याआधीच खाडीला उधाण आलं आणि वरून पाऊस. पाणी घराला लागूनच्या मूर्तींच्या कारखान्यात शिरलं. शिवा आणि त्याची बायको अनिता मूर्ती उचलून वरच्या फळ्यांवर ठेवत होती. मी तिथंच, टेबलाखालच्या खोक्यात. त्यांची चूक नाही हो, हातातला देव सोडून खोक्याकडे कोण धावेल? मी चिखलाच्या पाण्यात बुडाले.

पाणी ओसरलं आणि शिवाला धवले आठवले. त्यानं मला बाहेर काढलं आणि जे त्याला येत होतं ते सगळं माझ्यासाठी केलं. पावसाळ्यात ओल्या मूर्ती हॅलोजनच्या दिव्याखाली वाळवतात, तसं मला वाळवलं. मूर्तीसारखंच हळूहळू फिरवत, सगळ्या बाजूंनी. मग कोरणीनं माझं झाकण उघडलं आणि देवाचे डोळे आखायचा मऊ कुंचला घेऊन माझ्या तबकडीवरचा वाळका गाळ झाडू लागला. श्वास रोखून, किती मायेनं! मला ओरडावंसं वाटत होतं, अरे बाबा, थांब. त्या कुंचल्याबरोबर गाळाचे कण तबकडीवरून ओरखडत गेले आणि धवले माझ्यातून निघून गेले.

शिवा मला रुमालात गुंडाळून गाडीनं रोह्याला घेऊन गेला. फैजलनं मला हातात घेतलं आणि त्याचा चेहराच पडला.

"काका, हिला उघडली कुणी?"

शिवानं रिकाम्या रुमालाची घडी घातली. मग म्हणाला, "मीच. सुकवली, साफ केली."

"ओली, चिखलाची तशीच आणली असती, तर मुंबईला पाठवून काहीतरी निघालं असतं. आता काय नाय हो." फैजलनं त्याच्यासाठी चहा मागवला. तो तसाच निवला.

हळदीच्या दिवशी बायजाबाईला खुर्चीत बसवून मांडवात आणलं. ती डाव्या हातानं स्पीकरकडे खूण करत राहिली. "स्पीकर बिघडलाय आई," अनिता म्हणाली आणि तोंड फिरवून रडली. बायकांनी एक धवला धरला, पण दुसऱ्या ओळीला सगळ्याच अडल्या. तेव्हा म्हातारीनं तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, बाहेर आला तो नुसता घरघराट. मग कुणीतरी डीजे लावला.

ती रोज खुणा करून मलाच मागायची. शेवटी शिवानं मला झाकण लावून तिच्या हातात दिलं. मी मेलेय, हे सांगायची त्याची छाती झाली नाही. ती मला कानाशी धरते आणि वाट बघते. तिचं ते वाट बघणं मला सोसवत नाही.

तुमच्या घरात कुणी गाणारं असेल, तर माझ्याकडे द्या, दोन ठिकाणी द्या, पण आधी त्याच्या जवळ बसा. माझ्यावर एवढा भार टाकू नका, मी पोकळ निघते.

परवा मनाली सासरहून आली. आजीच्या पायाशी बसली आणि फुटून रडली. "आजी, मना शिकव ना गो. एक तरी."

बायजाबाईनं उशीखाली हात घातला. मला बाहेर काढलं, पदरानं पुसलं आणि हसत नातीच्या हातात ठेवलं.