दापोडीच्या सतरंजीचा चाकणच्या गेटवर मुक्काम

बसा, बसा. चपला काढल्यात ना? मग हरकत नाही. मी सतरंजी बोलतेय. लाल-निळ्या पट्ट्यांची, बारा फूट लांब, एका कडेच्या दशा सुटलेली. सध्या मुक्काम चाकण, एका कंपनीच्या गेटसमोर, रस्त्याच्या कडेला.

जन्म माझा सोलापूरच्या मागावरचा. वीस वर्षांपूर्वी दापोडीच्या चर्चमधल्या भगिनी मंडळानं मला आणलं. आमच्याकडे पुरुष बाकांवर बसतात आणि बायका पुढे माझ्यावर. असं का, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. बाप्तिस्मे, नाताळ, मयतीनंतरच्या प्रार्थना, सगळं माझ्या अंगावर झालं. वर्षातून एकदा तरी कुणी मला नीट झटकेल तर शपथ.

मार्चचा पहिला शुक्रवार मात्र माझा. त्या दिवशी जागतिक प्रार्थना दिन असतो. दरवर्षी कुठल्यातरी एका देशातल्या बायका उपासना लिहितात आणि जगभरातल्या बायका त्याच दिवशी ती आपापल्या भाषेत करतात. एकीनं उभं राहून त्या देशातल्या बाईची कहाणी वाचायची, आणि ती थांबली की बाकीच्यांनी ठरलेलं उत्तर द्यायचं. दोनदा म्हटलं की ते उत्तर तोंडात बसतं. मग पुस्तिकेत बघतंय कोण? निम्म्या बायका घरच्या कुकरचा विचार करत उत्तर देतात. मी खाली असते, मला सगळं कळतं.

यंदाच्या देशाचं नाव कुसुमताईंनासुद्धा तीनदा वाचून जमलं. कुसुमताई म्हणजे मंडळाच्या अध्यक्ष, निवृत्त नर्स. आवाज अजून वॉर्डातला. ती कहाणी वाचायचं काम त्यांनी मोनिकाला दिलं. मोनिका चाकणला कंत्राटावर कामाला. त्या दिवशी ती माझ्यावर बसली तेव्हा सारखी माझ्या दशा ओढत होती. मला वाटलं, पहिल्यांदा वाचतेय, घाबरली असेल पोरगी.

ती उठली आणि वाचू लागली. "मी शिलाईच्या कारखान्यात काम करते. दिवसभर आम्हाला जागेवरून हलू देत नाहीत."

"भगिनी, आम्ही ऐकले. आम्ही तुझ्याबरोबर उभ्या राहू," सगळ्या म्हणाल्या.

इथे तिचं वाचन संपायचं होतं. पण मोनिकानं पुस्तिका मिटली आणि त्याच सुरात पुढे चालू ठेवलं. "बाथरूमला कुलूप असतं. किल्ली सुपरवायझरकडे. एका शिफ्टमध्ये दोनदाच मिळते, तीही त्याच्यासमोर रजिस्टरमध्ये नाव लिहून."

"भगिनी, आम्ही ऐकले. आम्ही तुझ्याबरोबर उभ्या राहू."

"म्हणून आम्ही पाणी प्यायचंच सोडलं."

"भगिनी, आम्ही ऐकले. आम्ही तुझ्याबरोबर उभ्या राहू."

"माझ्याशेजारची स्नेहल लाइनवरच कोसळली. मी तक्रार केली. सोमवारी माझा गेटपास काढून घेतला."

उत्तर आलं, पण अर्धवट. स्नेहल हे नाव त्या लांबच्या देशातलं कसं असेल? पानं उलटायचा आवाज सुरू झाला. कुसुमताईंनी चष्मा वर केला. "मोनिका, हे कुठल्या पानावर आहे?"

"पानावर नाही ताई. चाकणला आहे."

माझ्यावर बसलेल्या चाळीस बायकांनी एकेक करून पुस्तिका मिटल्या. मला लाज वाटली हो. इतकी वर्षं यांना अंगावर घेतेय, आणि ही पोर पाणी न पिता कामाला जात होती याचा मलासुद्धा पत्ता नव्हता.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब चांगला माणूस, पण सावध. ते म्हणाले, "आपण हा विषय प्रार्थनेत ठेवू या."

"ठेवलाच की, साहेब," कुसुमताई म्हणाल्या. "देवासमोर मोठ्यानं उत्तर दिलंय. आता त्याला काय सांगू, छापील आहे असं समजून बोललो?"

शनिवारी सकाळी त्यांनी मला गुंडाळून टेम्पोत घातलं. अठरा बायका आल्या. बाकीच्यांना काय काय कामं निघाली ते मी सांगत बसत नाही. कंपनीच्या गेटसमोर मला अंथरलं. खाली खडी, वर ऊन, बाजूनं कंटेनर धडधडत जाणारे. चर्चच्या गार फरशीची सवय लागलेली मी. पण तुम्हाला सांगते, एवढी ताठ मी कधी पसरले नव्हते.

वॉचमन आला. "मावशी, इथं बसायचं नाही."

"तुझी हद्द पिवळ्या पट्ट्यापर्यंत. आम्ही अलीकडे आहोत," कुसुमताई म्हणाल्या आणि प्रार्थना सुरू केली.

शेजारच्या जुन्या घरातून गोजाबाई पाण्याची कळशी घेऊन आली. गावची जुनी बाई, कपाळाला ठसठशीत कुंकू. पुस्तिका हातात घेऊन उलटीसुलटी बघितली. "तुमच्या देवाला समदं लिवून द्यावं लागतं व्हय?" मग स्वतःच माझ्या कोपऱ्यावर मांडी घातली. "माजी सून बी आतच हाय. मुतखडा झाला तिला. आमी बी बसतो." पाळकसाहेबांनी बघायला हवं होतं तिला.

पिंकी नावाच्या पोरीनं आमचा फोटो, खाली मोनिकाची हकीकत लिहून, मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत, ज्यांनी उपासना लिहिली त्या बायकांपर्यंत पोचला. सोमवारी त्यांचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला. कुसुमताईंनी फोन माझ्या मधोमध ठेवला. भाषा कुणालाच कळली नाही. मध्ये एकदा "मोनिका" आणि एकदा "चाकण" मात्र स्पष्ट ऐकू आलं, आणि मोनिका पदर तोंडाला लावून रडली.

त्याच दुपारी कंपनीचे साहेब बाहेर आले. "कुलूप काढलंय. रजिस्टर बंद केलंय. झालं ना समाधान? आता उठा."

"मोनिकानं कधी यायचं कामावर?" कुसुमताईंनी विचारलं.

"ते बघू."

"बघा. आम्ही बसलोय."

आज बुधवार, पाचवा दिवस. अंगावर चहा सांडलाय, ऑइलचे डाग पडलेत, खडीनं दोन भोकं पाडलीत. पाडू देत. दोनच्या शिफ्टच्या बसेस आत्ताच आल्या. निळ्या ड्रेसातल्या बायका उतरल्या, मोनिकाकडे बघितलं. कार्ड पंच करायला एकही आत गेली नाही. सगळ्यात पुढे स्नेहल होती, अजून चेहरा पांढराफटक. ती येऊन मोनिकाला चिकटून बसली आणि मग बाकीच्या. माझ्यावर आता वीतभर जागा उरलेली नाही. उरलेल्या सरळ खडीवर बसल्यात.

आत्ताच साहेबांनी वॉचमनला सांगितलं, "ती सतरंजी उचल आधी."

ये बाबा, ये. उचल. फक्त वरच्या बायकांसकट उचल.