एल्मिराच्या दगडाखालचं सोनं

आमच्या कुरणातून जुनी गाडीवाट जाते, हे माझ्या डोक्याला लागलेलं कायमचं दुखणं आहे. दीडएकशे वर्षांपूर्वी नव्या जमिनीसाठी पश्चिमेला ओरेगॉनकडे निघालेल्या बैलगाड्यांनी वायोमिंगच्या या मातीत पाडलेल्या चाकोऱ्या अजून बुजलेल्या नाहीत, आणि त्या वाटेवर कुणा व्यापाऱ्याने सोनं पुरलं ही आवईही विझत नाही. उन्हाळा लागला की लोक येतात. धातू हुडकायची यंत्रं फिरवतात, फाटकं सताड उघडी टाकून जातात, आणि मग माझ्या गाई हायवेवर! एकाला हाकललं की दुसरा हजर. "बाई, निम्मं तुम्हाला देतो." निम्मं कशाचं, बोडक्याचं?

परक्यांचं एक वेळ सोसेन. पण माझा सख्खा भाऊ लायल! साठी उलटली, पोट सुटलं, आणि या हिवाळ्यात गावच्या बारमध्ये कुणीतरी त्याच्या कानात भरवलं, की त्या काळी लोक जड सामान पुरून वर खोटी कबर रचायचे, म्हणजे मागून येणारे उकरत नसत. झालं. तेव्हापासून याचा डोळा एल्मिरावर.

एल्मिरा म्हणजे आमच्या पणजीची धाकटी बहीण. चार वर्षांची पोर, याच वाटेवर पटकीने गेली. मोठेपणी पणजी नवऱ्याला घेऊन परत आली, टेकाडावर एल्मिराचं नाव कोरलेला दगड शोधून काढला आणि गुरं घेऊन इथेच राहिली. म्हणून आम्ही इथे. दर मेमोरियल डेला, म्हणजे गेलेल्यांच्या आठवणीच्या दिवशी, त्या दगडापाशी फुलं ठेवायची, हा घरचा नेम. आई तर जाताना माझा हात धरून म्हणाली, "आयोना, मला तिच्या शेजारी ठेव. आणि तिला कुणाला उकरू देऊ नकोस." मी शब्द दिला.

आणि लायल म्हणतो, "अगं, यंत्र वाजतंय तिथे! एवढ्याशा पोरीत लोखंड कुठून येणार?"

"तुझ्या डोक्यात दगड कुठून आले? तिथूनच. हात लावलास तर याद राख."

मेमध्ये शेजाऱ्यांकडे वासरांची डागणी होती, तापल्या लोखंडाने मालकाची खूण उमटवायची. डागणीला सगळ्यांनी सगळ्यांकडे जायचं, इथे कुणी चुकवत नाही. लायलने चुकवली. "पाठ धरलीय गं." मी दुपारी परत येते तर काय, त्याच धरलेल्या पाठीने हा टेकाडावर कमरेएवढ्या खड्ड्यात उभा! एल्मिराचा दगड बाजूला आडवा पडलेला.

"मेल्या, आईला शब्द दिला होता रे मी!" मी ओरडले.

"आयोना, आधी बघ तरी. हाडं नाहीत इथे."

बघितलं. आत लोखंडी चूल होती. तिच्यावर गंजलेली साखळी आणि नांगराचा फाळ. हाड नाही, शवपेटीची फळी नाही. चढावर बैल थकले म्हणून उतरवलेलं ओझं, दुसरं काय! लायल चुलीचं दार पुन्हा पुन्हा उघडून आत हात घालत होता. राखही नव्हती.

"म्हणजे इतक्या पिढ्या आपण चुलीला फुलं वाहिली?" तो म्हणाला.

"आणि आईला चुलीशेजारी पुरलं." मी काठावर बसले. शब्द पाळायचा तरी कुणासाठी? मग पोर कुठे होती?

तेव्हा आईकडून ऐकलेली पणजीची गोष्ट आठवली. म्हातारपणी ती सारखी म्हणायची, "बाबांनी आपलीच गाडी पहिली नेली. खाली बघितलं नाही." कशावरून नेली ते सांगायची नाही, आणि सगळे म्हणायचे, म्हातारी भरकटली. कसली भरकटली! लांडगे उकरतात म्हणून त्या काळी मेलेलं माणूस वाटेतच पुरायचे आणि वरून साऱ्या गाड्या न्यायचे, माती दबून मागमूस राहू नये म्हणून. खऱ्या कबरीला खूण नसायचीच. आणि पुढे टेकाडावर खोटी कबर रचताना त्या बापाला दुसरं कुठलं नाव सुचणार होतं?

लायलला सांगितलं तशी त्याने टोपी काढली. खाली बघितलं. त्याची पिकअप चाकोरीतच उभी होती.

"मी... मी गाडी बाजूला घेतो."

"राहू दे. चाकांनीच राखलंय तिला. तू माती लोट. चूल आत, दगड वर, होतं तस्सं."

"पण लोक येऊन उकरतील हे!"

"उकरू देत. त्यासाठीच रचलंय ते. आईच्या बाजूला फावडं लावलं तर बंदूक आहे माझ्याकडे. आणि तू बारमध्ये तोंड उघडलंस तर तुझ्यासाठीही आहे."

माती लोटली त्याने. पाठीचं नावही काढलं नाही.

महिनाअखेरीला मेमोरियल डे आला. आईला फुलं ठेवली. दगडालाही ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत भरतील अशी. मग लायलला शेजारी बसवलं आणि पिकअप चाकोरीत घालून हळूहळू नेली, कुरणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हा बाबा खिडकीतून मान काढून खाली बघायला लागला.

"समोर बघ, गाढवा," मी म्हणाले.

समोरचं मलाही धड दिसत नव्हतं.